पहिला हात, दुसरा हात

आमच्या घरात कुठलीही पातळ वस्तू विकत आणलेल्या बाटलीत चार दिवसांवर राहत नाही. ही खोड नाही, धंदा आहे. खाली आमचं रंगाचं दुकान आणि वर आम्ही राहतो. दुकानात रंग येतो मोठ्या बादलीतून आणि जातो गिऱ्हाइकाला हवा तेवढा. सगळा जन्म ओतण्यातच गेला, त्यामुळे हात स्वस्थ बसत नाहीत. वर स्वयंपाकघरातही तेल, मध, भांड्यांचा पातळ साबण, सगळं नमुन्याच्या डब्यांत असतं. नमुन्याची डबी म्हणजे मुठीत मावेल अशी पांढरट, आतलं बाहेरून दिसणारी प्लास्टिकची डबी, तिला फिरकीचं घट्ट झाकण. गळत नाही, सांडत नाही, एकावर एक रचता येते.

डबीवर आम्ही चिठ्ठी लावत नाही. ओल्या हातांनी चिठ्ठी सुटते, आणि मला एकसष्टाव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हतं. म्हणून झाकणावर ब्रशने टिपका द्यायचा. एक टिपका म्हणजे पहिला हात, म्हणजे अस्तर. दोन टिपके म्हणजे दुसरा हात. पहिला वाळला की चार तासांनी त्याच्यावर दुसरा. रंगारी आमच्याकडून डब्या नेत, झाकण बघत आणि कामाला लागत. चाळीस वर्षांत एकही भिंत चुकली नाही.

अक्षरं मला सुनेनं शिकवली. ती आरशांच्या कारखान्यात जाते. पट्ट्यावरून आरसे पुढे सरकत असतात आणि ही त्यांतले डाग शोधते. आठ तास दुसऱ्यांच्या चुका बघून घरी आली की माझ्या वहीतल्या बघायची. तिची शिकवण्याची पद्धत साधी होती. चूक झाली की त्या जागी बोट ठेवायचं आणि बोलायचं नाही. बोट उचलायला कधीकधी पाव तास लागे. तीन वर्षांत मी जोडाक्षरांपर्यंत आले.

तर त्या आठवड्यात आमच्या नातीला सर्दी झाली. नात तीन वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. सर्दी तिच्या बापानं, म्हणजे माझ्या मुलानं, आणली होती. त्यालाही खोकला होता, पण त्याच्या खोकल्याची चौकशी कोणी करत नव्हतं, याचं त्याला वाईट वाटत होतं. सोमवारी संध्याकाळी तो औषधाच्या दुकानात गेला आणि दोन बाटल्या घेऊन आला. एक भिंगरीच्या तापासाठी, एक स्वतःच्या सर्दीसाठी.

"औषधवाल्या ताई अर्धा तास बोलत होत्या," तो म्हणाला.

"काय बोलत होत्या?" सुनेनं विचारलं.

"बरंच काही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे नीट द्या, असंच एकूण."

त्या ताईंनी भिंगरीच्या बाटलीबरोबर एक छोटं पारदर्शक माप दिलं होतं. त्याच्यावर बारीक रेघा होत्या. मुलाला ते माप फार आवडलं. असं अचूक माप आपल्याला आजवर कोणी दिलं नाही, असं म्हणून त्यानं ते रंगद्रव्य मोजायला खाली नेलं. मग दोन्ही औषधं त्यानं दोन डब्यांत ओतली, एका झाकणावर एक टिपका दिला, दुसऱ्यावर दोन, आणि खोकी, बाटल्या, कागद सगळं दुकानाच्या कचऱ्याच्या पिंपात टाकलं. दोन्ही औषधं गुलाबी होती.

मंगळवारी पहाटेच सून कामाला गेली. मुलाला एका शाळेचा जिना रंगवायचं काम मिळालं होतं, तोही सातला निघाला. जाताना दारातून म्हणाला, "आई, औषध ओट्यावर आहे. अंग गरम लागलं तर दे."

"बरं."

"झाकणावर खूण केलीय."

"दिसली."

यापलीकडे आमचं बोलणं झालं नाही. झाकणावर खूण असली की आमच्या घरात बोलायचं काही उरत नाही.

आठ वाजता भिंगरीचं अंग गरम लागलं. मी एक टिपक्याची डबी घेतली, झाकण उघडलं, आणि सवयीप्रमाणे डबीच्या बाहेरून आतल्या पातळीवर पेन्सिलची रेघ मारली. किती गेलं ते कळायला हवं, हा दुकानाचा नेम. मग जेवायच्या चमच्यानं एक चमचा दिला. तिनं मिटक्या मारत गिळलं.

ताप उतरला. खोकला मात्र होताच, नाकही वाहत होतं. मी मनात म्हटलं, अस्तर धरलं, आता वरचा हात द्यायला हवा. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. दोन टिपक्यांची डबी समोर होती, घड्याळात बारा वाजले होते, आठ आणि चार बारा. दुसऱ्या डबीवर रेघ मारली आणि तिच्यातला एक चमचा दिला. हे औषध कडू असावं, तिनं तोंड वाकडं केलं. भिंगरी म्हणाली, "आजी, हे बाबाचं आहे."

"बाबाचं कसं असेल?"

"बाबा पितो."

"बाबा काय, काहीही पितो," मी म्हटलं आणि तिला पाणी दिलं.

तीन वर्षांच्या पोरीनं खरं सांगितलं होतं आणि चौसष्ट वर्षांच्या बाईनं ते उडवून लावलं. हे मी लिहून ठेवते आहे, कारण नंतर कोणी मला हे विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

पाऊण वाजता भिंगरी गप्प झाली. एक वाजता जमिनीवरच आडवी झाली. मी तिला उचलून गादीवर ठेवलं. खोकला थांबला होता. मला समाधान वाटलं. दुसरा हात चांगला बसला असं मला वाटलं आणि मी भांडी घासायला गेले.

अडीचला सून आली. चप्पल काढता काढता तिनं विचारलं, "झोपली?"

"मघाशीच. दीड तास झाला."

"ही? दिवसा?"

भिंगरी दिवसा झोपत नाही. हे मला माहीत होतं, पण औषधाचं श्रेय मी सोडायला तयार नव्हते. सून गादीजवळ गेली, तिच्या गालाला हात लावला, हाक मारली. भिंगरीनं डोळे अर्धे उघडले आणि मिटले. सुनेनं पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. पुन्हा अर्धे डोळे.

"आई, काय दिलंत?"

"औषध. आठला पहिल्या हाताचं, बाराला दुसऱ्या हाताचं."

सून माझ्याकडे बघत राहिली. ती दुसऱ्या गावची, सात वर्षं या घरात आहे, पण आमची भाषा कधीकधी तिला अजून परकी वाटते.

"दुसऱ्या हाताचं म्हणजे?"

मी दोन टिपक्यांची डबी दाखवली. ती तिनं उघडली, वास घेतला, नवऱ्याला फोन लावला. जिन्यावर रंग देणारा माणूस फोन घेत नाही, कारण फोन रंगाच्या हातांनी धरला की बिघडतो. तिनं तीनदा लावला. मग औषधाच्या दुकानात लावला, आवाज मोठा करून फोन ओट्यावर ठेवला आणि भिंगरीला मांडीवर घेतलं.

"ताई, काल माझे मिस्टर तुमच्याकडून दोन औषधं घेऊन गेले."

"हो, रंगाच्या दुकानाचे. फार घाईत होते," ताईंचा आवाज आला. "काय झालं?"

"मुलीला दोन्ही दिली गेली."

ताई ओरडल्या नाहीत. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. पोर जागी होते का? श्वास नेहमीसारखा चालला आहे का? ओठ कसे दिसतात? उलटी झाली का? वजन किती? सून एकेकाचं उत्तर देत होती. हाक मारली की डोळे उघडते. श्वास नीट आहे. ओठ लालच आहेत. वजन साडेतेरा.

"ठीक. हाकेला डोळे उघडायचे थांबले किंवा श्वास अडखळला, तर माझ्याशी बोलत बसू नका, सरळ रुग्णवाहिका बोलवा. आता मला दोन्ही बाटल्यांवरची नावं वाचून दाखवा. वरचं मोठं नाव नको. खाली बारीक अक्षरांत, इंग्रजीखाली देवनागरीतही, घटक लिहिलेले असतात, ते."

"बाटल्या नाहीत," सून म्हणाली.

"नाहीत म्हणजे?"

"आमच्याकडे ओतून ठेवतात."

"मी दोन माणसांसाठी दोन औषधं दिली होती," ताई म्हणाल्या. "पण आमच्याकडे सर्दीची चार आहेत, आणि यांना कुठलं दिलं ते आठवणीवरून सांगायची चूक मी करणार नाही. बाटली शोधा."

बाटल्या पिंपात होत्या. सून भिंगरीला सोडून उठणार नव्हती. मी खाली गेले.

दुकानाचं कचऱ्याचं पिंप छातीपर्यंत उंच आहे. त्यात चिंध्या, वाळलेले रोलर, पत्र्याची झाकणं, कागद. मी बाह्या वर केल्या आणि आत हात घातला. माझी पाचावर धारण बसली होती, हे खरं, पण हात आपलं काम करत होते. पहिली बाटली लगेच सापडली. दुसरी एका लाल अस्तराच्या डब्याखाली होती आणि तिच्या चिठ्ठीवर लाल ओघळ आला होता. टर्पेंटाइनचा बोळा हलक्या हातानं फिरवला. जोरानं पुसलं असतं तर अक्षरंही गेली असती. खोकी मिळाली नाहीत. माप मिळालं, रंगद्रव्यांच्या फळीवर होतं, निळं झालं होतं. तेही घेतलं.

वर आले तेव्हा सून भिंगरीच्या तळपायांना गुदगुल्या करून तिला जागं ठेवत होती.

"वाचा," ती मला म्हणाली.

"तू वाच की."

"माझे हात मोकळे नाहीत, आई. आणि डोळे हिच्यावरून काढायचे नाहीत. वाचा."

मी चष्मा लावला. पहिली बाटली लहान मुलाचं चित्र असलेली. तिच्यावरची अक्षरं मुंगीएवढी होती. मी एकेक अक्षर लावत गेले. पॅ. रा. सि. टा. मॉल.

"पॅरासिटामॉल," ताई म्हणाल्या. "बरोबर. अजून काही?"

"अजून काही नाही. रंग घातला आहे, असं लिहिलंय."

"आता दुसरी."

दुसऱ्या बाटलीवर चार ओळी होत्या. पहिली ओळ मी सुरू केली. पॅ. रा. सि.

मी थांबले.

"पुढे," ताई म्हणाल्या.

"हेच आहे," मी म्हटलं. "वरच्यासारखंच आहे हे."

"मोठी नावं वेगळी, आत एकच. असंच होतं. खाली वाचा."

खालच्या ओळीत एक भलं मोठं नाव होतं. क्लो. मग रफार असलेलं जोडाक्षर. मी त्यावर अडकले. वहीत अडकलं की पाव तास मिळायचा. इथे कोणी बोट ठेवत नव्हतं. सुनेचं लक्ष पोरीच्या छातीकडे होतं, फोनवर ताई लिहून घ्यायला थांबल्या होत्या, आणि मला एवढंच कळत होतं की हे अक्षर मी चुकीचं वाचलं तर त्या बाईचा हिशेब चुकेल. मी अक्षर दोन्हीकडून फोडलं, पुन्हा जोडलं, आणि आख्खं नाव न थांबता म्हटलं.

"हेच झोप आणणारं," ताई म्हणाल्या. "त्याच्याखाली अजून दोन असतील." ती दोन्हीही मी वाचली. "सर्दी-खोकल्याचं हे मिश्रण एवढ्या लहान मुलांना देत नाहीत. मोठ्यांचं तर नाहीच नाही. आता सांगा, किती दिलं?"

"एक चमचा. एकेक."

"कुठला चमचा?"

"जेवायचा."

"जेवायचे चमचे घरोघरी वेगळे असतात, आजी. एकात दुसऱ्याच्या दुप्पट मावतं. चमच्यावरून मला काही सांगता येणार नाही."

"रेघा आहेत," मी म्हटलं.

"कसल्या?"

"डबीवर. देण्याआधी कुठपर्यंत होतं त्याच्या. तुमच्या मापानं पाणी घालून रेघेपर्यंत आणलं, तर जेवढं पाणी लागेल तेवढं औषध गेलं."

ताईंना ते समजायला एक क्षण लागला. मग म्हणाल्या, "घाला." मी निळं माप साबणानं दोनदा धुतलं आणि मोजायला बसले. या कामात मला कोणी हरवणार नाही. पहिल्या डबीत साडेसात मिलीलिटर पाणी गेलं. दुसऱ्या डबीत आठाला अगदी किंचित कमी. मी "आठ" म्हटलं नाही, "आठाला किंचित कमी" म्हटलं.

ताई लिहून घेत होत्या. म्हणाल्या, "तापाचं औषध फार जास्त झालेलं दिसत नाही. झोपेच्या औषधाचं मी ठरवायचं नाही, डॉक्टरांनी ठरवायचं. आत्ता दवाखान्यात न्या. डब्या, बाटल्या, वेळ, हे आकडे, सगळं बरोबर न्या. उलटी करवू नका. वाटेत दुसरं काही देऊ नका."

शेजारच्या सुतारानं त्याच्या गाडीतून आम्हाला पोहोचवलं. वाटेतही सून भिंगरीच्या तळपायांना गुदगुल्या करतच राहिली. ती रागावली होती की नाही हे मला कळलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही. मांडीवर दोन डब्या, दोन बाटल्या आणि आकडे लिहिलेला कागद धरून मी बसले होते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी भिंगरीला तपासलं, छातीला तारा लावल्या, माझ्या कागदावरचे आकडे बघितले.

"हे कोणी मोजलं?"

"मी."

"किंचित कमी म्हणजे किती?"

"पाव."

त्यांनी मान हलवली आणि लिहिलं. संध्याकाळपर्यंत तिला तिथेच ठेवायचं ठरलं. दर थोड्या वेळानं परिचारिका येऊन तिला उठवत होती. भिंगरीला ते आवडत नव्हतं. साडेपाचला तिनं परिचारिकेच्या हाताला चावा घेतला. परिचारिका म्हणाली, "आता बरी आहे."

तेवढ्यात मुलगा आला, केसांत शाळेच्या जिन्याचा रंग घेऊन. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दोन टिपके म्हणजे माझं. मोठ्या माणसाचं. एवढं साधं आहे."

"कोणाला साधं आहे?" सुनेनं विचारलं.

"आईला माहीत..." तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून थांबला. त्याला टिपके मीच शिकवले होते.

निघताना डॉक्टरांनी सांगितलं की सर्दी आपली आपण जाईल. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाका. पाणी, सूप, जे पिईल ते पाजा. खोकल्याला झोपण्याआधी चमचाभर मध चालेल, वर्षाच्या पुढच्या मुलांना चालतो. ताप आला तर फक्त तापाचं औषध, वजनाप्रमाणे, त्याच्या मापानं, आणि आधी कोणी कधी दिलं ते विचारून. श्वास जोरात चालला, पाणी पिईनाशी झाली किंवा ताप हटेना, तर परत आणा. सुनेनं सगळं ऐकून घेतलं. मुलानं फक्त एक विचारलं, "मध कुठल्या डबीत आहे?"

सुनेनं तीन दिवस रजा टाकली. कारण मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही, पण घरात मी असताना रजा कशाला लागते हे मला कळत होतं. पूर्वी ती भिंगरीला माझ्या हवाली करून जाताना मागे वळून बघत नसे. त्या तीन दिवसांत भिंगरी माझ्या मांडीवर बसली, तरी सून कामाचं निमित्त काढून त्याच खोलीत राहत होती. मी गोष्ट सांगत होते आणि ती घडी केलेल्या कपड्यांची पुन्हा घडी करत होती. मी तिच्या जागी असते तर रजा आठवडाभराची टाकली असती.

गुरुवारी ती तापाच्या औषधाची नवी बाटली घेऊन आली, खोक्यासकट, मापासकट. ती तिनं कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून कुलूप लावलं. मुलाचं उरलेलं सर्दीचं औषध त्यानं स्वतःच औषधाच्या दुकानात परत नेऊन दिलं. तिथे ताईंनी पुन्हा अर्धा तास घेतला असावा, कारण या वेळी त्यानं घरी येऊन सगळं सांगितलं, क्रमानं.

शनिवारी रजा संपली. पहाटे साडेपाचला सून पिशवी खांद्याला लावून उभी होती. भिंगरी झोपली होती, साधी झोप. सुनेनं कपाटाची किल्ली माझ्यासमोर ठेवली, नंतर एक कागद. कागदावर तीन रकाने होते. वेळ, किती, कोणी.

"आज मी काही देणार नाही," मी म्हटलं. "लागलं तर तुला फोन करीन."

"लागलं तर द्या," ती म्हणाली. "बाटलीवरचं वाचून द्या. आणि लिहा."

"आणि नाही दिलं तर?"

तिनं जरा विचार केला. "तेही लिहा."

ती निघाली. दारापाशी थांबली, वळून बघितलं, आणि गेली.

दिवसभर ताप आला नाही. खोकला थोडा होता. सूप पाजलं, नाकात थेंब टाकले, तेव्हा भिंगरीनं मला लाथ मारली. बाटली मात्र मी कपाटातून तीनदा काढली, तीनदा पूर्ण वाचली, आणि परत ठेवून कुलूप लावलं.

सून अडीचला आली. भिंगरी दारातच तिच्या पायांना चिकटली. तिनं तिला उचललं, कपाळाला हात लावला आणि ओट्यावरचा कागद घेतला. मी लिहिलं होतं:

आठ वाजता. काही नाही. आजीनं दिलं नाही.

दहा वाजता. काही नाही. आजीनं दिलं नाही.

बारा वाजता. काही नाही. मागितलं होतं. आजीनं दिलं नाही.

"मागितलं होतं?" तिनं विचारलं.

"गोड लागतं म्हणाली."

सुनेनं कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. कुठेही बोट ठेवलं नाही. घडी घालून बाटलीच्या खोक्याखाली ठेवला.

"सोमवारपासून माझी दुपारची पाळी आहे," ती म्हणाली. "रात्री दहाला येईन. तिला जेवायला घालून झोपवून ठेवाल ना?"

"ठेवीन," मी म्हटलं.